चिमूटभर पिठाचा हिशेब

‘पथ्य’ या शब्दाला मराठी बोलण्यात मुदत चिकटलेली असते. कावीळ झाली की तेलतूप बंद, बाळंतिणीला सव्वा महिना अमुक वर्ज्य, वैद्यांचे औषध चालू आहे तोवर आंबट नाही, आणि मग एके दिवशी ‘आता पथ्य सोडायला हरकत नाही’ असे वडीलधाऱ्यांनी म्हणायचे, ही या शब्दाची नेहमीची वाट आहे. शिवाय सणावाराला, पाहुण्यांच्या आग्रहाला किंवा देवाच्या नैवेद्याला पथ्यात थोडी सूट असतेच, असेही सगळे धरून चालतात. सिलिॲक या आजारात गहू वर्ज्य करावा लागतो तो मात्र जन्मभरासाठी, आणि त्यात सूट नाही. प्रस्तुत लेखिका वयाच्या ३८व्या वर्षापासून गेली १४ वर्षे हे पथ्य पाळते आहे, आणि एवढ्या काळात तिच्या ध्यानात आलेली मुख्य गोष्ट अशी की गव्हाशिवाय जगणे महाराष्ट्रात फारसे अवघड नाही; अवघड आहे ते ‘एवढ्याशाने काय होतंय’ या समजुतीला रोज, न रागावता, उत्तर देत राहणे, कारण ती समजूत जशी यजमानांच्या आणि आचाऱ्यांच्या मनात असते तशी ती पथ्य पाळणाऱ्याच्या स्वतःच्या मनातही दडून बसलेली असते.

आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगायचे तर असे आहे. गहू, जव (म्हणजेच सातू) आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो, आणि कणकेला जो चिवट ताण येतो तो त्याचाच असतो. काही विशिष्ट जनुके असलेल्या माणसांपैकी थोड्यांच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध अशी प्रतिक्रिया सुरू होते की रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. अशा आजारांना स्वयंप्रतिरक्षा आजार म्हणतात, आणि म्हणून सिलिॲकला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणणे सोयीचे असले तरी अचूक नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात, आणि अन्नातले पोषण रक्तात जाते ते त्यांच्यामार्फत. या आजारात रसांकुर झिजून अस्तर सपाट होत जाते, परिणामी लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व यांचे शोषण मंदावते, आणि पोटभर जेवणारा माणूस आतून उपाशी राहतो. यावर आजवर प्रचलित असा उपाय एकच आहे, तो म्हणजे ग्लूटेन पूर्ण वर्ज्य करणे.

हे ज्ञान वाटते तितके जुने नाही. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ साली या आजाराचे नेमके वर्णन छापले आणि तो बरा व्हायचा असेल तर आहारानेच होईल असा अंदाजही वर्तवला, परंतु आहारातले नेमके काय वगळायचे हे पुढे कित्येक दशके कोणालाच उमगले नाही, आणि मधल्या काळात मुलांना जवळपास केळ्यांवरच ठेवण्याचे प्रयोगही झाले. विलेम कारेल डिके हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ १९३०च्या दशकापासूनच गव्हावर संशय घेत होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला तेव्हा इतर मुले खंगत असताना त्यांची ही रुग्ण मुले सुधारू लागली, आणि पाव परतल्यावर पुन्हा आजारी पडली, या निरीक्षणाने तो संशय बळकट झाला व १९५० साली त्यांनी प्रबंधरूपाने तो मांडला. दुष्काळात सुधारलेल्या त्या मुलांची गोष्ट लेखिकेला निदानाच्या दिवसांत वाचायला मिळाली, आणि एखाद्याच्या ताटातला अभाव हेच दुसऱ्याचे औषध असू शकते, हा विचार तिला कितीतरी दिवस सुन्न करून गेला.

निदानापर्यंतची वाट लांब होती, आणि ती लांबण्याची कारणे तिच्या एकटीपुरती नाहीत. भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले, आणि एखादी गोष्ट निम्म्याहून अधिक बायकांना असते तेव्हा ती आजार न राहता बाईपणाचा भाग मानली जाते. लेखिकेचे हिमोग्लोबिन आठाच्या आसपास रेंगाळत होते, तिला दर वर्षी लोहाच्या गोळ्या दिल्या जात, गोळ्यांनी ते जेमतेम वर सरके आणि बंद करताच पुन्हा खाली येई. नऊ वर्षे पालेभाज्या, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई यांची शिफारस झाली, पण घेतलेले लोह जाते कुठे हा प्रश्न कोणी विचारला नाही. लोह मुख्यतः शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲकचा मारा सर्वांत आधी व सर्वांत जास्त तिथेच होतो. प्रौढ वयात जुलाब, पोट फुगणे ही पुस्तकातली लक्षणे ठळक नसतानाही केवळ न हटणारा रक्तक्षय हेच या आजाराचे एकमेव लक्षण असू शकते, ही गोष्ट जर एखाद्या डॉक्टरने वेळीच मनात आणली असती तर तिच्या हाडांची घनता वयाच्या ३८व्या वर्षी साठीतल्या बाईसारखी झाली नसती.

दुसरे कारण भौगोलिक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या तीन विभागांतील पाहणीत रक्तात या आजाराची खूण (प्रतिपिंडे) असलेल्यांचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के आढळले, जरी संबंधित जनुकांचे प्रमाण तिन्हीकडे साधारण सारखेच होते; फरक होता तो मुख्यतः रोजच्या गव्हाचा. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधोमध आहे, आणि इथल्या दवाखान्यांत ‘हा तिकडचा, पंजाब-दिल्लीकडचा आजार’ असा समज बराच काळ टिकून होता. लेखिकेची आजी आठवड्यातून एखाद्याच दिवशी गहू खाई; पोळी हे सणाचे अन्न होते आणि भाकरी रोजची. हरितक्रांती आणि रेशनचा गहू यांनी दोन पिढ्यांत हा क्रम उलटा केला, आणि तिच्या स्वतःच्या घरी सकाळ-संध्याकाळ पोळी, मधल्या वेळी बिस्किटे, न्याहारीला उपमा असा दिवसातून चार वेळा गहू येऊ लागला. त्यामुळेच आजार झाला असे म्हणता येणार नाही, पण तो उजेडात येण्याला ही बदललेली थाळी कारणीभूत असावी असे तिला वाटते.

निदानाच्या वेळची एक चूक इथे नोंदवणे गरजेचे आहे, कारण ती अजूनही सर्रास होते. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून लेखिकेने चाचण्यांच्या दोन महिने आधीच गहू सोडला होता आणि तिला हुशारी वाटू लागली होती, म्हणून जेव्हा रक्ताची तपासणी झाली तेव्हा प्रतिपिंडांचे, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्ध तयार केलेल्या त्या विशिष्ट प्रथिनांचे, प्रमाण संशयास्पद पण निर्णायक नाही असे निघाले. गहू बंद केला की प्रतिपिंडे उतरू लागतात, अस्तरही भरू लागते, आणि पुरावाच पुसला जातो; म्हणून ज्या अन्नाने आजार होतो तेच अन्न पुन्हा काही आठवडे मुद्दाम खाऊन मग एंडोस्कोपी व आतड्याचा तुकडा काढून तपासणे भाग पडले. ते सहा आठवडे, पोटात कळा येत असताना रोज दोन पोळ्या समोर घेऊन बसण्याचे, तिच्या आठवणीत या सबंध काळातले सर्वांत वाईट दिवस आहेत. आधी चाचणी, मग पथ्य, हा क्रम कोणीतरी एका वाक्यात सांगितला असता तर ते टळले असते.

निदानानंतर पहिल्या वर्षी पथ्य सोपे वाटले, कारण पोळी, पाव, रवा, शेवया, लापशी, बिस्किटे ही यादी पाठ करून ती ताटातून काढून टाकली की काम झाले अशी समजूत होती. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांत गहू भाजून घातलेला असतो आणि कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच असते, हेही लवकरच लक्षात आले. तरीही वर्षाअखेर प्रतिपिंडांचे प्रमाण जितके उतरायला हवे होते त्याच्या निम्मेही उतरले नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी तेव्हा रागावणे किंवा अविश्वास दाखवणे टाळून एकच गोष्ट करायला सांगितली: स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा, बाटली आणि पुडी ओट्यावर ओळीने मांडायची आणि त्यावरची बारीक अक्षरे भिंगाने वाचायची. तो रविवार त्यात गेला. मसाल्याच्या डब्याशेजारी, रोज दोनदा हाताळली जाणारी, झाकणाभोवती पिवळी भुकटी चिकटलेली हिंगाची प्लॅस्टिकची डबी होती, आणि तिच्या मागच्या बाजूला घटकांत हिंगाच्या आधी दोन नावे होती: खाद्य डिंक आणि गव्हाचे पीठ. बाजारात मिळणारा भुकटीचा हिंग हा बहुधा असा ‘बांधणी’ हिंग असतो, कारण शुद्ध हिंगाचा चीक इतका उग्र आणि चिकट असतो की तो पिठात किंवा डिंकात मिसळल्याशिवाय चिमटीत घेता येत नाही; महाराष्ट्रात वरण, भाजी, आमटी, लोणचे, चिवडा यांपैकी काहीच हिंगाच्या फोडणीवाचून होत नाही, म्हणजे लेखिका वर्षभर गहू सोडून दिवसातून दोनदा गव्हाचेच पीठ तेलात तळून खात होती.

‘चिमूटभर’ या शब्दाचा हिशेब तिने त्या दिवशी पहिल्यांदा मांडला, आणि तो मांडल्याखेरीज या आजाराचे पथ्य कळत नाही असे तिचे मत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, आणि जगात इतरत्रही बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा मानली जाते. गव्हाच्या पिठात ग्लूटेनचे प्रमाण साधारण आठ ते दहा टक्के धरले तर अर्धा ग्रॅम पिठात, म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढ्यात, ४० ते ५० मिलिग्रॅम ग्लूटेन येते. आणि रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तर रसांकुरांची झीज होते, असे रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसून आले आहे. एका पोळीत याच्या पन्नासपट ग्लूटेन असते, म्हणून पोळी खाणे आणि हिंग खाणे यांत मनाला आभाळाएवढे अंतर दिसते, पण आतड्याला ते तितके दिसत नाही. तेव्हापासून तिच्या घरात गहू नसलेला खडा हिंग आला. तो खलबत्त्यात कुटताना घरभर वास सुटतो, बोटांना दोन दिवस राहतो, आणि डाळीला जी चव येते ती भुकटीच्या हिंगाने कधी आली नव्हती.

हिंगानंतरचा दुसरा धडा गिरणीत मिळाला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही धान्ये ग्लूटेनमुक्त आहेत हे खरे, पण ती दळून येतात कुठून हा प्रश्न त्या वाक्यात येत नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीत सकाळपासून गव्हाचे डबे रांगेत असतात, त्यात मध्येच कोणाची ज्वारी पडते, आणि दगडांना टाकी लावून पाडलेल्या खाचांत, पाळ्यात, पीठ ज्यातून खाली पडते त्या कापडी नळीत आधीच्या दळणाचे पीठ राहतेच. घरोघरच्या बायकांनाही हे ठाऊक असते, म्हणून तर बाजरीवर गहू टाकला की पहिली मूठभर कणीक काळपट आली अशी तक्रार होते. गिरणीवाल्या गृहस्थांनी मनापासून मदत केली. त्यांनी सोमवारी गिरणी उघडताच पहिला मान लेखिकेच्या ज्वारीला द्यायचे कबूल केले, नळी झटकली, आधी दोन किलो तांदूळ दळून तो बाजूला काढला, आणि पैसे वाढवून घ्यायला नकार दिला. एवढे करूनही दगडाच्या खाचा स्वच्छ होत नाहीत हे त्यांना सांगण्याचा धीर तिला चार महिने झाला नाही, कारण एवढ्या चांगुलपणाला ‘पुरेसे नाही’ असे म्हणणे कृतघ्नपणाचे वाटत होते. आणि त्या चार महिन्यांत तिने ते पीठ खाल्ले. दुसऱ्याचे मन राखण्यासाठी स्वतःचे आतडे खर्ची घालायचे नाही, हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण आचरणात आणायला तिला गिरणीवाल्यांच्या समोर उभे राहून अडखळत बोलावे लागले, आणि त्यांनी ते ऐकून स्वतःच घरघंटी कोणत्या कंपनीची चांगली याची चौकशी करून दिली.

घरघंटी आल्यापासून दळण घरातच होते, मात्र धान्य निवडण्याचे काम वाढले. बाजारातून आणलेल्या ज्वारीत किलोमागे गव्हाचे दोन-चार दाणे सापडतातच, कारण शेतात, मळणीला, आडत्याकडे, पोत्यांत कुठेतरी ही धान्ये एकमेकांना भेटलेली असतात. सुपात ज्वारी पसरून खिडकीजवळ बसले की मोत्यासारख्या गोल दाण्यांत गव्हाचा लांबट, पोटावर चीर असलेला दाणा चटकन उठून दिसतो; नाचणी मात्र इतकी बारीक की ती चाळणीनेच वेगळी करावी लागते. ओट्समध्ये ही सरमिसळ फारच असते, आणि काही रुग्णांना तर शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून लेखिकेने त्यांच्या वाटेला न जाणेच पसंत केले.

भाकरी करायला शिकणे हा एक स्वतंत्र अध्याय ठरला, कारण शहरात वाढलेल्या तिच्या पिढीच्या हाताला पोळीची सवय होती आणि ग्लूटेनने दिलेली ती ताकद हात गृहीत धरत होता. कणीक कशीही मळली तरी ती एकसंध राहते, लाटण्याखाली ताणली जाते आणि वाफ कोंडून ठेवते, हे सगळे ग्लूटेनच्या जाळ्यामुळे. ज्वारीच्या पिठात हे जाळे नसते, म्हणून तिथे ते काम गरम पाण्याने फुललेल्या पिष्टाकडून करून घ्यावे लागते. पीठ ताजे हवे, पंधरा दिवसांचे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. पाणी उकळते घेऊन त्यात थोडे पीठ आधी भिजवायचे, एका भाकरीपुरतेच पीठ तळहाताच्या बुडाने रगडून मळायचे, थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून तिला पाणी फिरवायचे, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. सोलापूरकडच्या एका मावशींनी हे सगळे न बोलता, फक्त हात धरून शिकवले. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची पहिली टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा निदान होऊन दीड वर्ष झाले होते, आणि गव्हाच्या आठवणीने जेवताना डोळे भरून येणे त्या सुमारास थांबले. पुरणपोळी मात्र आजवर जमलेली नाही. तांदळाच्या उकडीत पुरण भरून केलेली गोड भाकरी चांगली लागते, पण तिला पुरणपोळी म्हणणे खोटे होईल.

इथे एका कबुलीची गरज आहे. तिसऱ्या वर्षी, प्रकृती सुधारून वजन वाढलेले, हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलेले असताना, एका दुपारी घरात कोणी नसताना लेखिकेने डब्यातली तूप लावलेली एक पोळी उभ्याउभ्याच खाल्ली, आणि काहीही झाले नाही. पोट दुखले असते तर ते बरे झाले असते. काहीच न झाल्यामुळे पुढल्या आठवड्यात दुसरी, मग लग्नात एक करंजी, मग रविवारची अर्धी पोळी, असे चार महिने चालले, आणि त्या सबंध काळात तिने घरी, डॉक्टरांना, स्वतःलाही पथ्य चालू असल्याचेच सांगितले. पुढल्या तपासणीत प्रतिपिंडे पहिल्या वर्षाएवढी चढलेली निघाली. या आजारात लक्षणे आणि आतली इजा यांची सांगड नसते. एखाद्याला कणभराने दोन दिवस अंथरुणाला खिळावे लागते, तर दुसऱ्याचे अस्तर निमूटपणे झिजत राहते, आणि लक्षण नसणे म्हणजे सूट मिळणे नव्हे हे पुस्तकात वाचून माहीत असूनही ते खरे वाटायला तिला तो कागद हातात यावा लागला. डॉक्टरांनी एवढेच विचारले की काय खाल्ले, आणि खरे उत्तर मिळाल्यावर पुढची तारीख लिहून दिली. त्या न रागावण्याचे ऋण तिला आजही वाटते.

पथ्य घराबाहेर पडते तेव्हा ते समजावून सांगण्याची भाषा शोधावी लागते. लेखिकेच्या आईला प्रतिपिंडे, मिलिग्रॅम यांतले काही कळत नव्हते, आणि मुलगी माहेरी आल्यावर पोळीला हात लावत नाही याचे तिला दुःख होते; ती वेगळी भाकरी करी, पण त्याच पोळपाटावर, त्याच पिठाच्या हातांनी, आणि वरणात पोळीचाच चमचा फिरवी. कितीही सांगितले तरी न पटलेली ही गोष्ट एके दिवशी तिने आपणहून ‘म्हणजे तुझ्या अन्नाचं सोवळं पाळायचं’ अशा शब्दांत मांडली, आणि त्या क्षणापासून तिच्या हातून एकदाही चूक झाली नाही: वेगळा तवा, वेगळे उलथणे, वेगळा काठवटीचा कोपरा, आधी भाकरी मग कणीक, हात धुऊन मग वाढणे. लेखिकेला हा शब्द आजही टोचतो, कारण सोवळ्याओवळ्याने या समाजात माणसांना माणसांपासून तोडले आणि तो इतिहास एका आजाराच्या सोयीसाठी विसरता येत नाही. इथे विटाळ माणसाचा नसून पिठाचा आहे, आणि तो भावनेने नव्हे तर वजनकाट्याने मोजता येतो, हा फरक तिने आईशी अनेकदा बोलून स्पष्ट केला. पण शिस्त आधीपासून हातात होती आणि तिला नवे, निरुपद्रवी काम मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

उपवासाच्या बाबतीतही असेच घडले. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळे, शेंगदाणे, दूध, फळे यांपैकी कशातही ग्लूटेन नाही, उपवासाच्या पदार्थांना हिंग चालत नाही, आणि ते करताना भांडीही वेगळी घ्यायची रीत पुष्कळ घरांत आहे. ‘ग्लूटेन नको’ असे सांगितले की समोरचा गोंधळतो, ‘मैदा नको का, बरं, कणकेचं देतो’ असेही उत्तर मिळते. ‘उपवासाचं काय आहे?’ असे विचारले की कुठल्याही तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडवरच्या टपरीतही, लगेच अचूक उत्तर येते. अर्थात साबुदाणा वडा समोशाच्याच कढईत तळलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

सर्वांत कठीण जागा प्रसादाची आहे. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा, आणि तो नाकारणे म्हणजे देवाला, यजमानाला आणि सगळ्या घराला नाकारणे असा अर्थ लागतो. लेखिकेने सुरुवातीला तो हातरुमालात बांधून नेण्याचा, पुढे शेजारच्या मुलाला देण्याचा मार्ग काढला, आणि आता ती प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावते व यजमानांसमोरच दुसऱ्या कोणाला तरी देते, कारणही सांगते, आणि पंचामृत मागून घेते. वसईकडच्या एका सहरुग्ण बाईंपुढे हाच प्रश्न चर्चमध्ये उभा राहिला, कारण कॅथलिक नियमानुसार मिस्सेसाठी वापरायची भाकर गव्हाचीच असावी लागते. ग्लूटेन अत्यल्प असलेली चालते, अजिबात नसलेली चालत नाही, आणि त्या बाई आता धर्मगुरूंच्या संमतीने केवळ द्राक्षारस घेतात. लग्नाच्या पंगतीत मात्र लेखिकेने जेवणे सोडले आहे. ‘भाकरी’ म्हणून जी वाढली जाते तिच्यात ती फाटू नये म्हणून कणीक मिसळलेली असते, रस्सा दाट करायला मैदा लावलेला असतो, आणि आचाऱ्याला हे विचारले तर तो चूक पकडली गेल्यासारखा बावरतो. घरून जेवून जायचे, अक्षता टाकायच्या, सोलकढी किंवा नारळपाणी घेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसायचे, हे आता नातेवाइकांना सवयीचे झाले आहे.

प्रवासात राजगिऱ्याचे लाडू, केळी, भाजलेले शेंगदाणे आणि दोन दिवस टिकणारी कडक भाकरी पुरते. पाकिटबंद ‘ग्लूटेनमुक्त’ बिस्किटांनी एका वर्षात सहा किलो वजन वाढवले, कारण त्यांत तंतुमय भाग कमी आणि साखर-तूप भरपूर असते, तेव्हापासून ती घरात येत नाहीत.

प्रौढांचे आतडे मुलांपेक्षा सावकाश भरून येते, कधीकधी पाच वर्षेही लागतात. लेखिकेच्या बाबतीत सहाव्या वर्षी केलेल्या तपासणीत रसांकुर पुन्हा उभे राहिलेले दिसले, आणि हाडांची घनता पूर्ववत नाही तरी बरीच सुधारली. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांच्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांहून कितीतरी अधिक असते, म्हणून त्या सर्वांची रक्ततपासणी व्हावी असा तिचा आग्रह होता. मुलगा निर्दोष निघाला, भावाने ‘मला काहीच होत नाही’ म्हणत आठ वर्षे टाळाटाळ केली, आणि शेवटी त्याने नव्हे तर त्याच्या मुलाने, म्हणजे लेखिकेच्या भाच्याने, वसतिगृहात सतत थकवा जाणवू लागल्यावर आपणहून तपासणी करून घेतली. गहू न सोडता केली, कारण आत्याच्या सहा आठवड्यांची गोष्ट त्याने लहानपणी ऐकली होती. निदान झाल्यावर त्याने मेसच्या मावशींना स्वतः जाऊन सगळे सांगितले, खडा हिंगाची पुडी आणि एक नवा तवा नेऊन दिला; त्या आता सकाळी कणीक भिजवण्याआधी, ओटा पुसून, त्याच्या चार भाकऱ्या थापतात आणि झाकणावर त्याचे नाव लिहिलेल्या डब्यात ठेवतात.